माळावर आणलेला गाळ

आमच्या गावात माणसाची पत त्याच्या रानातल्या मातीवरून ठरते, असं मी सोलापुरात कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांना नळाला पाणी कधी येणार एवढीच काळजी. गावात सोयरीक जुळवायला पाहुणे आले की आधी रान बघतात आणि मग पोरगा. आमचं रान बघून चहा न घेता उठून गेलेले पाहुणे मी या डोळ्यांनी पाहिलेत. माझ्या धाकट्या भावाचं लग्न किती रखडलं ते आमच्या आईला विचारायला हवं होतं, पण ती आता नाही.

गाव वळसंगच्या रस्त्यावरून आत आहे. मी सोलापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, भाऊ गावात शेती करतो. आम्ही माळावरचे. माळ म्हणजे नुसता मुरूम. नांगराचा फाळ दगडावर घासला की अंगावर काटा येतो, आणि पाणी दिलं तर ते इकडून आत जाऊन तिकडून पळून जातं. कुणाच्या लग्नात भाऊ पंगतीला बसला की एखादा हटकून विचारणार, "काय पावनं, यंदा किती पोती दगडं निघाली?" भाऊ हसतो. मला नाही हसू येत. माझं डोकं लहानपणापासून तापट, आणि या एका बाबतीत तर मी कुणाचं ऐकूनच घेत नाही. पण भावाला माझ्यापेक्षा जास्त लागतं, हे मला ठाऊक आहे. तो दुसऱ्याच्या काळ्या रानातून जाताना चपला काढून हातात घेतो.

गावाच्या खालच्या अंगाला तळं आहे. उन्हाळ्यात ते आटलं की लोक त्यातला गाळ काढून रानात पसरतात. हे बापजाद्यांपासून चालत आलंय. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता जेसीबी आणि ट्रॉल्या. पहिली ट्रॉली भरायच्या आधी काठावर नारळ फुटतो, हळदीकुंकू पडतं. मग जाणती माणसं चिमूटभर ओला गाळ अंगठा आणि बोटात चोळून बघतात. खरखर लागली तर तो टाकाऊ. ओढा तळ्यात शिरतो तिथला गाळ असा वाळूचा. लोण्यासारखा बोटात फिरला तर तो अस्सल, आणि असा अस्सल गाळ मिळतो बंधाऱ्याच्या भिंतीजवळच्या डोहात. पाणी तिथं निवांत होतं, त्यामुळं बारीकातला बारीक कण तिथंच येऊन बसतो. पण डोह सहसा आटत नाही, म्हणून लोक काठाकाठाचा नेतात आणि डोहाकडं बघून सुस्कारे टाकतात.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. नाव घेत नाही. तो काही वर्षं आपलं घाण पाणी सरळ ओढ्यात सोडायचा. तळ्याला रॉकेल आणि जळक्या रबराचा वास यायचा, पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग, मासे पोट वर करून काठाला लागलेले. जनावरंसुद्धा पाण्याजवळ जाऊन नाक फेंदारून मागं फिरायची. गावानं आरडाओरडा केला, मोर्चा नेला, शेवटी सोडणं बंद झालं आणि पुढं कारखान्यालाच कुलूप लागलं. दोन-चार पावसाळ्यांत पाणी असं नितळ झालं, की काठाला उभं राहिलं तर तळाचे खडे दिसायचे. बगळे परत आले. साहेब लोक गाडीतून आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले आणि पाणी चांगलं आहे असा निरोप आला. गावानं देवाला अभिषेक घातला. तळं बरं झालं म्हणून जो तो सांगत सुटला.

गाळ बाटलीत भरून न्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही. येणार कसं? आमच्याकडं पाणी वाईट असतं. माती कधी वाईट नसते. ती हलकी असेल, चिबड असेल, खारवट असेल, पण वाईट? काळी आई म्हणायचं आणि तिच्यावर संशय घ्यायचा, हे कुणाच्या जिभेला जमणार नाही.

मग अलीकडच्या एका साली पावसानं तोंड फिरवलं आणि उन्हाळ्यात तळं आटत आटत पार डोहापर्यंत गेलं. बाकीच्यांनी काठाचा गाळ उचलला. भाऊ थांबला. फोनवर मी विचारलं, अरे सगळे नेतायत आणि तू काय करतोयस? तर म्हणाला, "दम धर आक्का. डोह उगडा पडू दे. येकदाच आणीन, पर लोणी आणीन." लोकांनी त्याला खुळ्यात काढला. ऐन मे महिन्यात डोह उघडा पडला, आणि भावानं आधीच सांगून ठेवलेला जेसीबी सगळ्यांच्या आधी त्यात उतरला. दुसऱ्यांना कळेपर्यंत यानं डोह खरवडून माळावर नेला होता.

"आक्का, ये की. काळं रान बगाया ये." त्याचा हा फोन माझ्या कानात अजून आहे. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आवाज शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा.

मी गेले. आणि खरं सांगते, आधी मला रडूच आलं. आमचा तो पांढरा, टकला माळ काळाभोर दिसत होता. भाऊ अनवाणी फिरत होता, मध्येच वाकून ढेकूळ फोडत होता. हितं वांगी, तितं भेंडी, बांधाकडनं मेथी आणि शेपू, असं हात करून दाखवत होता. ऊन मी म्हणत होतं. वाऱ्याची एक झुळूक अंगावर आली आणि त्या झुळकेबरोबर वास आला.

"गाळाला वास असतोच की," भाऊ म्हणाला. असतो. कुजलेल्या पाल्याचा, शेवाळाचा, तो मला माहीत आहे. हा तो नव्हता. मी एक मोठं ढेकूळ मधोमध फोडलं. आतून ते निळसर काळं होतं आणि त्याला डांबराच्या पिंपाचा वास होता.

ढेकूळ पदरात बांधून मी घरी आणलं. आमच्या घराला भिंत लावून चुलतीचं घर. काका जाऊन बरीच वर्षं झाली, काकी एकटीच राहते. ती अक्कलकोटाकडची, चिडली की कन्नडमध्ये सुरू होते, आणि आम्हा दोघांना तिनं आईच्या बरोबरीनं वाढवलंय. ती अंगणात भजी तळलेली कढई राखेनं घासत बसली होती. मी बादलीभर पाण्यात अर्धं ढेकूळ टाकलं आणि काठीनं खूप ढवळलं. पाणी गढूळ झालं. आम्ही चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, तोवर गाळ खाली बसला. वर पाणी एकदम स्वच्छ.

"बग," भाऊ म्हणाला. "हाय का काय?"

"अरे तेच तर!" मी ओरडलेच. "पाण्यात उतरतच नाही ते. काकी, ती कढई नुसत्या पाण्यानं निघाली असती?"

"कशानं निगंल? तेल हाय की."

"मग राख लावल्यावर तेल कुठं गेलं?"

"राखंत गेलं, आनि कुटं जाईल?"

"तसंच झालंय तळ्याचं. कारखान्यानं सोडलेली ती तेलकट, डांबरट घाण पाण्यात राहायला राजी नसते. तिला चिकटायला काहीतरी लागतं. ती मातीच्या कणाला चिकटते, त्यातही कुजलेला पाला मिसळलेल्या बारीक कणाला जास्त. कण तिला घेऊन तळाला बसतो. वरचं पाणी नितळ होतं ते म्हणूनच. तळं बरं नाही झालं रे, त्यानं सगळं दुखणं पोटात घेतलंय. आणि तू नेमकं ते पोट खरवडून आणलंस."

भावानं वाकून बादलीत बघितलं. मग म्हणाला, "पानी चांगलं हाय म्हनून साह्यबांनी सांगितलं हुतं."

"पाणी चांगलंच आहे!"

"मंग झालं की." आणि मग त्यानं ते वाक्य टाकलं. "आक्का, माजं काळं रान तुला बगवंना व्हय?"

असा संताप आला मला! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. काकी मध्ये पडली म्हणून बरं. उरलेलं ढेकूळ पिशवीत घालून मी संध्याकाळच्या एसटीनं सोलापूर गाठलं. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात प्रयोगशाळेत आहे, तिच्याकडं ते पाठवून दिलं. काही दिवसांनी तिचा फोन आला. तिनं पहिलंच विचारलं, "मॅडम, हे कुठून आणलंत?" जळक्या तेलातली, डांबरातली, रंगातली, कीटकनाशकातली द्रव्यं, जी जी म्हणून पाण्याला नकोशी असतात ती सगळी त्या लोण्यासारख्या गाळात येऊन बसली होती. काठाकडच्या जाड्या गाळात एवढं नसेल, असं तिचं म्हणणं. कण जितका बारीक तितकं चिकटायला अंग जास्त. मी फोन ठेवला आणि एकटीच कपाळाला हात लावून बसले. त्याच्या सगळ्या जन्माच्या धीराचं हे फळ!

मी परत गावी गेले तेव्हा भाऊ माळावरच होता. मी सांगितलं. भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण तो भांडला नाही. खाली बसला, मूठभर गाळ घेतला, अंगठा आणि बोटात चोळत राहिला. मग विचारलं, "घरापुरतं केलं तर?"

"घरात माणसं नाहीत का?"

"व्हय. आनि भाजी इकायची म्हटली तर ती कुनाच्या तरी पोराच्या ताटात जानार." तो उठला आणि हात झटकले. "काडून टाकू."

एवढंच बोलला. माझा भाऊ म्हणजे असा आहे. त्या क्षणी मला त्याचा एवढा अभिमान वाटला आणि एवढी दया आली, की मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले.

पण काढून टाकायचा तर टाकायचा कुठं? तळ्यात परत? ओढ्यात? रस्त्याला? विष आणायला सोपं, ठेवायला जागा नाही. शेवटी असं ठरलं, की माळाच्या वरच्या, रस्त्याकडच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायचा, त्यात शेततळ्याचा प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरायचा आणि गाळ त्यात बंद करून वरून मुरूम लोटायचा. ट्रॅक्टरला फळी लावून भावानं स्वतः सगळा गाळ ओढला. फळी पुढं सरकत होती तसा मागं आमचा जुना पांढरा मुरूम उघडा पडत होता. मला बघवेना, मी बांधावर जाऊन बसले. गाळाचा मोठा ढीग रस्त्याच्या कडेला लागला, कारण खड्डा घ्यायला जेसीबी हवा आणि गावातला एकमेव जेसीबी कुणाच्या तरी विहिरीवर अडकलेला.

माझी परीक्षेची कामं होती, मी सोलापूरला आले. भावाच्या मेहुण्याकडं मयत झाली, तो अक्कलकोटाकडं गेला. तो तिकडून परतला आणि सरळ जेसीबी घेऊनच माळावर गेला, तर ढीग नाही. मुळात नाहीच. झाडून न्यावा तसा नेलेला. ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या होत्या, पाट्या टेकवल्याच्या खुणा होत्या, खोऱ्यानं खरडलेलं दिसत होतं. डोहातला गाळ तो, सगळ्या गावाचा डोळा होता त्याच्यावर. मालकानंच रस्त्याला आणून टाकलाय म्हटल्यावर कोण सोडतंय!

मी पहिल्या एसटीनं गावात आले आणि मारुतीच्या देवळातला स्पीकर लावायला सांगितला. "आमचा गाळ ज्यांनी ज्यांनी नेला त्यांनी तो रानात टाकू नका. टाकला असेल तर काही पेरू नका. त्यात कारखान्याचं विष आहे. आम्हाला येऊन सांगा, आम्ही आमच्या खर्चानं उचलून नेतो." हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं.

एक माणूस आला नाही. मी दारोदार गेले. "आमी न्हाय बा नेला." "आमी तर काठाचाच आणला हुता." पारावर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "उचलून नेतो म्हनं. म्हंजी परत पायजे की ह्येंला. इख असतं तर ह्येंनी आणला असता व्हय?" बाकीचे हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खा मग, खुशाल खा! पण असं म्हणून काय होतंय? त्या उन्हाळ्यात निम्म्या गावानं काठाचा गाळ टाकला होता. जिकडं बघावं तिकडं रानं काळी. त्यात आमचा कुठला, हे डोळ्यांनी ओळखायची काही सोय नव्हती. भाऊ संध्याकाळी बांधाबांधानं ढेकळं फोडून वास घेत हिंडायचा. लोक म्हणायला लागले, ह्येच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मीच त्याला थांबवलं.

पाऊस झाला. श्रावणात मी गावी गेले होते. भाऊ आणि मी सोप्यात बसलो होतो. काकी पदराखाली काहीतरी झाकून आली. तिची उशिरा झालेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ झालेलं होतं, म्हणून काकी खुशीत असायची. तिनं पदर काढला. शेपूच्या दोन जुड्या होत्या, हिरव्यागार, हातभर लांब.

"घ्या. तुमचा वाटा हाय ह्यो."

"कसला वाटा, काकी?"

ती खाली बसली. "आता खोटं कशाला बोलू? समदी नेत हुती, मी पन चार पाट्या आणल्या. परड्यात टाकल्या. तू पीकरवर सांगितलंस तवा वाटलं, परत मागतीया. मला लाज वाटली, म्हनून गप बसले. पर तवापासनं घास गोड लागंना. म्हटलं निदान भाजी तरी देऊ."

"काकी, अहो तुमच्यासमोर तर मी बादलीत ढवळून दाखवलं होतं!"

"व्हय की. पानी कसं नितळ झालं हुतं! मी सोता बगितलं न्हवं का? म्हनून तर आणला."

भावानं डोळे मिटून घेतले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "ही भाजी कोण खातंय?"

"कोन खानार? बाळंतीण. शेपू बाळंतिणीला लई चांगली. रोज दोनी येळंला करून घालतीया, दूद बग कसं आलंय तिला."

मग मी सांगितलं. मोठ्यानं नाही, भांडून नाही. पहिल्यांदा सांगितलं होतं ते सगळं परत, हळू आवाजात, तिचा हात धरून. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मंग आता काय हुईल?" तिनं विचारलं. "पोरीला? बाळाला?"

मी बोलायला लागले. बारीक कण ते विष घट्ट धरून ठेवतात, सहजी सोडत नाहीत. पानात किती चढतं ते पिकावर असतं. थोडंच गेलं असेल. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पुढं कधीतरी, बऱ्याच वर्षांनी.

"तसलं नगं. हुईल का न्हाय हुनार, येवडं सांग."

"नाही सांगता येत, काकी."

"तू तर शिकवतीस की कालेजात."

"मलाच काय, कुणालाच नाही सांगता येत."

शेजारच्या घरात बाळ रडायला लागलं. काकीनं तिकडं मान वळवली, मग माझ्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

"मंग सांगितलंस कशाला गं बाई?"

ती उठून गेली. भाऊ खाली मान घालून बसला होता. मी त्या जुड्या उचलल्या, आणि त्या कुठं टाकायच्या ते न कळून तशीच हातात धरून उभी राहिले.